चार शब्दांचं तमिळ

तांबरम, चेन्नई
२० मे २००६

ती. नाना यांस,

साष्टांग नमस्कार लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिते. मनात म्हणाल तर आज नमस्कार नाही.

तुम्ही फोन आपटलात. त्यानंतर मी कितीदा लावला, तुम्ही उचलत नाही. म्हणून हे पत्र. पत्र तुम्ही न वाचता टाकणार नाही, एवढं मला माहीत आहे. जन्मभर हेडमास्तरकी केलीत, लिहिलेला कागद दिसला की चष्मा चढणारच. लाल शाईनं माझं शुद्धलेखन सुधारलंत तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

तुमचा मुलगा आयसीयूत आहे. बुधवारी फर्स्ट शिफ्ट करून श्रीपेरुंबुदूरहून घरी येत होता. रोज कंपनीच्या बसनं जातो, त्या दिवशी सकाळी बस चुकली म्हणून मोटारसायकल काढली. दुपारी उन्हात लॉरीनं उडवलं. लॉरीवाला हात न दाखवता वळला, असं मागून येणारे सांगतात. लॉरीवाला सांगतो, हा पिऊन चालवत होता. पोलिसांनी लॉरीवाल्याचं ऐकलं. आणि तुम्ही पोलिसांचं ऐकलंत.

मी तुम्हाला फोन केला तो 'असाल तसे निघा' म्हणायला. तुम्ही आधी पोलीस ठाण्याचा नंबर मागितलात. मला वेडीला वाटलं, नाना आता बापासारखे भांडतील. आणि तुम्ही त्या इन्स्पेक्टरला इंग्रजीत विचारलंत काय, तर तो स्वतःच्या तोंडानं कबूल झाला का? इन्स्पेक्टर म्हणाला, यस सर, ओन माऊथ. संपलं! लगेच मला फोन. "पुष्कर खोटं बोलत नाही. प्यालो म्हणाला म्हणजे प्यालाच असणार. शुद्धीवर आला की सांग, माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

अहो नाना, काय म्हणू तुम्हाला! मुलाच्या खरेपणावर एवढा विश्वास, की त्याच विश्वासानं त्याला घराबाहेर काढलंत.

तुमच्या मानाजीकाकांनी दारूपायी घर कसं धुऊन नेलं, तुमच्या आईच्या हातातल्या पाटल्या कशा गेल्या, हे मला माहीत आहे. तुम्ही लग्न ठरायच्या आधीच समोर बसवून सांगितलं होतंत. तासगावच्या एकूणएक शाळेत तुम्ही व्यसनमुक्तीवर बोलता आणि लहानपणी पुष्कर तुमच्यापुढे पाटी धरून उभा राहायचा, हेही माहीत आहे. तो पोरगा पिईल? कंपनीच्या पार्टीत लिंबूसरबताचा ग्लास घेऊन कोपऱ्यात उभा राहतो म्हणून त्याला सगळे 'हेडमास्तर' म्हणून चिडवतात. तुमच्यावरूनच चिडवतात.

अपघाताच्या संध्याकाळीच पोलिसांच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी त्याचं रक्त काढून घेतलं. ते इथल्या राज्य सरकारच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. रक्तात दारू होती की नव्हती ते तिथले लोक लिहून देतात. तो कागद येईलच. पण तुम्ही त्याच्या आधी या. कागद आल्यावर यायला तुम्ही कोर्ट नाही, बाप आहात.

मी हॉस्पिटलातून हलत नाही. वर्ष झालं इथे येऊन, तरी त्याचं तमिळ चार शब्दांवर अडलंय. आमा, इल्ले, तण्णी, पोदुम. हो, नाही, पाणी, पुरे. कँटीनमध्ये वाढप्याशी बोलायला पुरतात म्हणे. मी म्हणायचे, एवढ्यावर तू म्हातारपण काढशील इथे. आता डोळे उघडले आणि समोर तमिळ नर्स असली तर तो बोलणार काय? म्हणून बसून आहे.

सगळे विचारतात, वडील कुठे? मी सांगितलंय, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तेव्हा आलात तर जरा लंगडत या.

तुमची सून (अजून तरी),
चित्रा


३ जून २००६

ती. नाना,

तुमचं कार्ड मिळालं. एक ओळ. 'प्रयोगशाळेचा निकाल आल्यावर बोलू.' निकाल! जसं काही पोरगं दहावीला बसलंय.

तर तुमच्या निकालाची चौकशी करायला मी काल स्वतः प्रयोगशाळेत गेले होते. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात बिनपगारी रजा टाकली आहे, मला काय, हिंडायला मोकळी. फाटकावरचा शिपाई आत सोडेना. तमिळमध्ये मोठ्यानं बोलला म्हणजे मला कळेल, असं त्याला वाटत होतं. मी तिथेच उभी राहून पुण्याला अनिकेतला फोन लावला आणि सख्ख्या भावावर सगळा राग काढला. तेवढ्यात मागून आवाज आला, "तुम्ही मराठी कीं? अय्यो, रडूं नका. मीं पण मराठीच."

वळून बघते तर तमिळ वळणाची साडी, केसांत मोगरा, हातात स्टीलचा डबा. विद्यालक्ष्मी नाव. तंजावरच्या मराठी घरातल्या आहेत. भोसले राजांच्या वेळेपासून त्यांचे लोक इकडे. त्यांचं मराठी ऐकलं की बखर वाचल्यासारखं वाटतं आणि मध्येच तमिळ हेल येतो. आतच अधिकारी आहेत, पण दुसऱ्या विभागात. म्हणाल्या, "तुमची बाटली मजकडे असती तर मीं तुमच्याशीं बोललेंच नसतें. काम कसं चालतं तेवढं सांगतें. तुमच्या यजमानांचं कांहीं विचारूं नका."

मी विचारलंच. मला कुठे धीर!

ऐका, तुम्ही विज्ञान शिकवायचात, तुम्हाला आवडेल. रक्ताची बाटली सीलबंद येते. सील मोडलेलं असेल तर ते लोक तपासायलाच घेत नाहीत. बाटलीत आधीच औषध घातलेलं असावं लागतं, नाहीतर रक्त नासतं. आणि नासलं, तर त्यात आपोआप थोडी दारू तयार होते. हे ऐकलं आणि मी त्यांना मध्येच थांबवलं. कारण आपली बाटली पोलीस ठाण्यातच पडून होती. साहेब बंदोबस्तावर गेले होते म्हणून पाठवायची राहिली. मे महिन्याचं मद्रासचं ऊन, नाना! मी म्हटलं, म्हणजे न प्यालेला माणूस बाटलीत बसून दारुडा होणार?

त्या म्हणाल्या, "औषध घातलं असल तर भय नाहीं. घातलं नसल तर तेंही आम्ही लिहून देतों. आम्हास कोणास सोडवायचं नाहीं, कोणास अडकवायचंही नाहीं."

"पण लवकर करा ना. त्याचे वडील त्या कागदासाठी अडून बसलेत."

"आम्हास नंबर दिसतो, अम्मा. बाप दिसत नाहीं."

मला त्याही स्थितीत बरं वाटलं, खरं सांगते. एक तरी जागा आहे जिथे पुष्करला बघायच्या आधीच दारुडा ठरवलेलं नाही. परकी माणसं कागद होईपर्यंत मत बनवत नाहीत. घरच्या माणसाला एका फोनची खोटी होती.

पुष्करची तब्येत होती तशीच आहे. मी रोज कानात सांगते, नाना निघालेत, गाडी लेट आहे.

चित्रा


१९ जून २००६

नाना,

पुष्कर शनिवारी सकाळी गेला.

मागच्या पत्रात तब्येत तशीच आहे म्हणून लिहिलं ते खोटं होतं. डॉक्टरांनी त्याच्या आधीच हात टेकले होते. मी लिहिलं नाही, कारण मला तुम्ही दयेपोटी यायला नको होतात. त्याच्यावर विश्वास ठेवून यायला हवे होतात. एवढा माज मीही केला. तुमच्याच घरात दिलेली आहे मी.

अनिकेतनं तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "कागद आला का?" अनिकेत फोन ठेवून बाहेर जाऊन रडला. चोवीस वर्षांचा घोडा, पण रडला. मग त्यानंच सगळं केलं. तुमच्या गावच्या चार घरांतून फोन आले. सगळे दबक्या आवाजात, 'असं कसं गं झालं, घेत होता का?' म्हणजे तुम्ही गावातही सांगितलंत. शाबास.

तोंडात नळी होती. जाताना तुळशीच्या पानानं दोन थेंब पाणी घालतात, तेसुद्धा घालता आलं नाही. नळी काढल्यावर मी ओठांवरून ओलं बोट फिरवलं. तोवर तो गेला होता.

गुडघे जपा.

चित्रा


२१ जुलै २००६

नाना,

निकाल लागला. तुमचा मुलगा पास झाला.

कागद कोर्टात आला, वकिलांनी नक्कल काढून दिली, ती सोबत जोडते. इंग्रजी आहे, तुम्हाला समजेल. बाटलीवरचं सील शाबूत होतं. औषध घातलेलं होतं. नमुना तपासणीयोग्य होता. आणि खाली, रक्तात अल्कोहोल आढळले नाही. कमी आढळले नव्हे, मर्यादेत आढळले नव्हे. आढळलेच नाही. खाली सही आहे, शिक्का आहे. बाप म्हणून नाही जमलं, तर निदान हेडमास्तर म्हणून पटायला हरकत नसावी.

सरकारी वकीलच म्हणाले, आता लॉरीवाल्यावर खटला उभा राहील. हे त्या कागदानं केलं. मी इतकी ओरडले, भांडले, ठाण्यात पाया पडले, कुणी हललं नाही. त्या लोकांनी आरडाओरडा न करता दोन ओळी लिहिल्या आणि सगळे सरळ आले.

हा कागद फ्रेम करून व्याख्यानाला न्या. पाटी धरायला आता कुणी नाही.

चित्रा


३ सप्टेंबर २००६

नाना,

तुमचं पत्र आलं. चांगलं चार पानी. लग्नानंतर इतकं मोठं पत्र तुम्ही मला पहिल्यांदाच लिहिलंत. अक्षर हललंय तुमचं.

रिपोर्ट पुन्हापुन्हा वाचलात, जेवण जात नाही, गावात घरोघर जाऊन 'माझी चूक झाली' म्हणून सांगितलंत, सगळं वाचलं. आणि चौथ्या पानावर परत तेच! 'एकच कोडं सुटत नाही. प्याला नव्हता, तर पुष्कर हो का म्हणाला? तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता.'

तुम्ही हे विचाराल हे मला ठाऊक होतं. मलाही तेच कुरतडत होतं. म्हणून मी ठाण्यातल्या जबाबाची नक्कल मिळवली. तमिळमधली, मला ओ की ठो कळेना. मग विद्यालक्ष्मींच्या घरी गेले. त्या इथेच तांबरमला राहतात. आता प्रयोगशाळेतलं आपल्या केसचं काम संपलं होतं, म्हणून त्यांनी कागद हातात घेतला. आधी घेतला नसता. त्या बाईचं मला हेच आवडतं आणि याचाच राग येतो.

त्यांनी मनात वाचलं. मग चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. म्हणाल्या, "चित्रा, तुमच्या पुष्करास तण्णी म्हणजे काय ठाऊक होतं?"

"पाणी," मी म्हटलं. "चारच शब्द यायचे त्याला, त्यातला एक."

"पाणीच. तंजावरांत, मद्रासेंत, सगळीकडे पाणीच. पण रस्त्यावर पोलिसानं 'तण्णी पोट्टिया' म्हणून विचारलं तर तें पाणी नव्हे. दारू पिलास कां, असं तें विचारणं."

जबाबात एवढंच आहे, नाना. पोलीस लिहितो, मी विचारलं, तण्णी पोट्टिया? तो म्हणाला, आमा, तण्णी. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणाला, आमा, तण्णी, तण्णी. सबब मद्यप्राशन केल्याचे स्वतः कबूल केले.

कळलं? तो उन्हात रस्त्यावर पडला होता. डोकं फुटलेलं. एक माणूस वाकून काहीतरी विचारतोय आणि त्यात त्याला ओळखीचा एकच शब्द ऐकू आला. त्याला वाटलं, हा देवमाणूस पाणी हवंय का विचारतोय. तो म्हणाला, हो, पाणी.

त्या पोलिसाला मी शिव्या घालणारच होते, पण आपण तरी काय करतो? 'तो घेतो' म्हटलं की काय घेतो ते आपल्याकडेही विचारावं लागत नाही. तुमच्या गावानं मला तेच विचारलं होतं, घेत होता का. पुष्करऐवजी एखादा तमिळ माणूस तासगावच्या रस्त्यावर पडला असता आणि आपल्या पोलिसानं 'घेतोस का' विचारलं असतं, तर... जाऊ दे. मला न्यायबुद्धी दाखवायचा कंटाळा आला आहे.

तुम्हाला सांगू नये असं ठरवलं होतं, पण सांगतेच. एकटीनं किती दिवस वागवू?

विद्यालक्ष्मींना घेऊन मी त्या जागी गेले. वळणावर एक बाई शहाळी विकते, कनका नाव. तिनं सगळं पाहिलं होतं. तिला कुणी जबाबाला बोलावलं नाही. विद्यालक्ष्मी विचारत होत्या आणि मला मराठीत सांगत होत्या. कनका म्हणाली, तो पोरगा सारखा तण्णी, तण्णी करत होता. मला कळलं की ह्याला तहान लागली आहे. मी लोटा भरून धावले. पोलिसानं हात आडवा घातला. म्हणाला, इतकी तण्णी झाली तरी अजून मागतोय बघा. जमलेले लोक हसले. लॉरीवालापण हसला.

मग लोट्याचं काय केलंस, असं मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. ती म्हणाली, तसाच हातात धरून उभी राहिले, त्याला गाडीत घालेपर्यंत. मग तिथल्या कडुनिंबाच्या बुंध्यात ओतलं.

डॉक्टर म्हणतात, तसल्या जखमीला पाणी देतच नाहीत, दिलं असतं तरी काही फरक पडला नसता. असेल. वैद्यकशास्त्राला पडला नसेल.

तर तुमचं कोडं सुटलं. तुम्ही बरोबर होता, नाना. पुष्कर खोटं बोलला नाही. तो शेवटचं बोलला तेही खरंच बोलला. त्याच्या एका 'हो'वर पोलिसांनी केस लिहिली आणि बापानं दार लावलं. आणि ज्यांना त्याचं नावही दिसत नव्हतं त्यांनी त्याला सोडवलं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते विचारू नका. राग असता तर बरं झालं असतं, राग उतरतो तरी.

तुम्ही लिहिलंय, पितृपक्षात त्याच्या नावानं तर्पण करणार, त्याला मूल नाही म्हणून बापानं केलं तर शास्त्राला चालतं असं भटजी म्हणाले, आणि मी यावं. मी येणार नाही. तुमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही हे त्याला सांगितलं होतंत, ते मी माझ्यावरही धरते. अस्थी मागू नका. अनिकेतनं त्या इथल्याच समुद्रात सोडल्या.

पण तर्पण करा. नको कशाला म्हणू? नदीवर जा, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहा. आता खरंच गुडघे दुखतील तुमचे. भटजी सांगतील तसं त्याचं नाव घ्या, गोत्र घ्या. फक्त ओंजळ सोडायच्या आधी एकदा मोठ्यानं 'तण्णी' म्हणा, वर्गात हजेरी घेताना म्हणायचात तशा आवाजात. मंत्र त्याला कधीच कळले नाहीत, हा शब्द कळेल.

आणि तो 'पोदुम' म्हणेपर्यंत, पुरे म्हणेपर्यंत, थांबू नका.

चित्रा